वजनकाट्यावरची तुरिया

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तुरिया बसायची, तेव्हा बीट घेऊन येणारे ट्रकवाले तिच्या नावानं बोटं मोडायचे. काम तसं साधं. ट्रक आधी भरलेला तोलायचा, माल उतरला की रिकामा तोलायचा, मधला फरक तो खरा माल. पण आमच्या तादल्याच्या मुलखातल्या ट्रकवाल्यांना साध्या कामात चव लागत नाही. भरलेला ट्रक तोलताना केबिनमध्ये ड्रायव्हर, त्याचा मेहुणा आणि मेहुण्याचा मेहुणा असे तिघं बसलेले असायचे, आणि रिकामा ट्रक तोलताना ड्रायव्हर एकटाच. म्हणजे दोन मेहुणे बिटाच्या भावानं विकले गेले. तुरिया खिडकीतून मान बाहेर काढून विचारायची, "बाकीचे कुठं सांडले?" आणि ते दोघं चहाच्या टपरीमागून येऊन परत केबिनमध्ये बसेपर्यंत पावती मिळायची नाही. नऊ वर्षं तिनं हे केलं.

त्या खिडकीतून तिला आमची पॅराशूटं दिसायची. कारखान्यापासून चार मैलांवर, पहाडाच्या पायथ्याशी आमची धावपट्टी आहे. मी बुअझ्झा, तिथं पॅराशूटांच्या घड्या घालतो आणि जी मंडळी मैदान सोडून भलत्याच शेतात उतरतात त्यांना व्हॅनमधून गोळा करून आणतो. पंधरा वर्षं झाली. स्वतः उडी एकदाच मारली, नंतर गुडघ्यानं नको म्हटलं आणि मीही फार आग्रह केला नाही.

नवं येणारं माणूस पहिल्यांदा काय विचारतं ते मला पाठ आहे. उघडलं नाही तर? तुरिया आली ती कामावरचा निळा डगला घालूनच, आणि तिनं विचारलं, "वजनाची अट किती?" मी म्हटलं, ही बाई निराळी आहे.

तिची आईही बरोबर असायची. दर रविवारी. लेक विमानात चढली की आई जैतुनाच्या झाडाखाली भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मांडीवर ताट घेऊन घेवडा सोलायची. आकाशाकडे म्हणून बघायची नाही. दर दोन मिनिटांनी मला विचारायची, "उतरली का रे?" मी हो म्हटलं की मग वळायची, लेकीच्या अंगावरची माती झटकायची आणि शांतपणे म्हणायची, "आता पुरे." पुढच्या रविवारी पुन्हा घेवडा घेऊन हजर. माती झटकावी लागायचीच, कारण तुरिया हवेत उत्तम होती, पण उतरायची ती बसकण मारून. सत्तर उड्या झाल्या तरी दोन पायांवर उभी राहिली असेल ती फार तर पाच-सहा वेळा.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या मैदानावर ठरलं की नोव्हेंबरमध्ये दहा बायकांनी हवेत हात धरून एक गोल करायचा. दहाही आपल्याच देशातल्या. आजवर आमच्याकडे सहाच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. रबातहून एक डॉक्टरीणबाई येणार होत्या, अगादिरहून दोघी बहिणी, आणि दहावं नाव तुरियाचं. नाव भिंतीवरच्या कागदावर लागलं त्या दिवशी ती कागदासमोर इतका वेळ उभी होती की मला वाटलं, तोही आता तोलून बघते की काय. अट मात्र होती. मैदानाची भाड्यानं द्यायची पॅराशूटं शिकाऊंसाठी राखलेली, तेव्हा प्रत्येकीकडे स्वतःची रिग हवी आणि त्या रिगवर निदान वीस उड्या झालेल्या हव्यात. रिग म्हणजे पाठीवरचा सगळा सरंजाम: अंगाला बसणारे पट्टे, पाठीवरची पिशवी, आत एक मोठं पॅराशूट, आणि ते दगा देईल त्या दिवसासाठी दुसरं, राखीव. सप्टेंबर उजाडला तरी तुरियाकडे रिग नव्हती. रिग नाही तर दहावं नाव खोडलं जाणार आणि गोल नऊ जणींचा होणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

अशा वेळी अन्वर आला. अन्वर कासाब्लांकाचा, हवेत चित्रण करतो, नऊशे उड्यांच्या वर गेलेला. माणूस वाईट नाही, उलट फार मोकळा. चणीनं तुरियाएवढाच, सुकलेल्या मिरचीसारखा. तो आता आणखी लहान पॅराशूटवर गेला होता, म्हणून जुनी रिग विकायला काढलेली. जुनी कसली, नवरीसारखी. गडद निळी, कडेला केशरी पट्टी, पाठीला मऊ अस्तर. तुरियानं ती अंगावर चढवली तर पट्टे शिवून घेतल्यासारखे बसले. ती आमच्या कपाटाच्या काचेत स्वतःला बघत राहिली. चौतीस वर्षांच्या बाईला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. भाड्याची रिग वापरणारी माणसं हे समजतील. दुसऱ्याच्या घामाचा वास, कुणाच्या तरी मापाला ओढलेले पट्टे, आणि पाठीवर मोठ्या अक्षरात 'शिकाऊ'. त्या सगळ्यातून ती एका क्षणात बाहेर आली होती.

आतलं मोठं पॅराशूट होतं एकशे पस्तीस चौरस फुटांचं. इथं थोडा हिशेब सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. कापड लहान तसं ते चपळ, तसं ते जमिनीकडे जोरात येतं. आमच्या मैदानाचा नियम असा, की दोनशे उड्या होईपर्यंत कापडाच्या एका फुटावर एका पौंडापेक्षा जास्त भार नको. किलोची दुप्पट करायची, वर दहावा भाग मिळवायचा, झाले पौंड. तुरियाचं वजन अठ्ठावन्न किलो, म्हणजे एकशे अठ्ठावीस पौंड, कापड एकशे पस्तीस. बसलं. तिनं फॉर्मवर लिहिलं, सही केली, आणि मला म्हणाली, "बुअझ्झा काका, सात पौंड शिल्लक आहेत. आईच्या हातचा कुसकुस खायला हरकत नाही."

मी कागद पाहिला. आकडे बरोबर होते. मलाही काही खटकलं नाही, हे इथं कबूल करतो.

पण कुठलीही रिग आमच्याकडे वापरायची तर आधी लल्ला इट्टोच्या हाताखालून जावी लागते. राखीव पॅराशूटाची घडी मी घालू शकत नाही, त्याला परवाना लागतो, आणि तो आमच्या सगळ्या परिसरात तिच्याकडेच आहे. लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईंना मानानं म्हणतात ते. पहाडातली बाई. माहेरी गालिचे विणायची, मग बावीस वर्षं लष्कराच्या कारखान्यात पॅराशूटं शिवली. आता साठी उलटली, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि जीभ म्हणजे कातरच. तिच्या खोलीत शिलाई मशीन, लांब टेबल आणि वर एक फळी. फळीवर निळ्या कागदात गुंडाळलेले साखरेचे सुळके, म्हणजे टोकदार ढेपा, ओळीनं उभे. ही आमच्या मैदानाची रीत आहे. तुमचं मोठं पॅराशूट बिघडलं, राखीव उघडलं आणि तुम्ही जिवंत खाली आलात, की ज्या हातानं त्याची घडी घातली त्या हाताला साखरेचा सुळका द्यायचा, लग्नाघरी देतात तसा. लल्ला इट्टो त्यावर नाव आणि तारीख लिहून फळीवर ठेवते. तेरा सुळके होते तेव्हा. एकही तिनं कधी फोडला नाही. चहासाठी साखर बाहेरून विकत आणते.

तुरिया निळी रिग घेऊन गेली, मी मागोमाग गेलो, कारण मला तमाशा बघायला आवडतो. लल्ला इट्टोनं रंगाकडे बघितलंही नाही. शिवण अंगठ्यानं चाचपली. माणूस बेशुद्ध असला तरी राखीव आपोआप उघडणाऱ्या यंत्राची तारीख वाचली. मोठ्या पॅराशूटाच्या कापडाला तोंड लावून जोरात फुंकलं, पलीकडे हात धरून हवा झिरपते का बघितलं. कापड चांगलं होतं, तसं ती म्हणालीही. मग राखीव पॅराशूट बाहेर काढून त्याची पट्टी चष्म्याजवळ नेली आणि पुष्कळ वेळ वाचत राहिली. त्यावर एकच आकडा होता, एकशे तेरा फूट.

तिनं तुरियाचा फॉर्म मागितला. वाचला. मग विचारलं, "हे वजन कुठं केलंस?"

तुरिया म्हणाली, घरी, सकाळी, आंघोळ झाल्यावर.

लल्ला इट्टो उठली. म्हणाली, रिग घाल. बूट घाल, हेल्मेट घाल, तो जाड सूट घाल, उंची दाखवणारं घड्याळ बांध, आणि चल. आम्ही तिघं कुंपणापलीकडच्या तेलाच्या घाण्यावर गेलो. जैतुनाचा हंगाम अजून लांब होता, घाणा बंद, पण पोती तोलायचा काटा ओसरीतच असतो. घाणेवाला म्हातारा झोपेतून उठून बघतच राहिला. असं पोतं त्यानं आजवर तोललं नव्हतं. तुरिया काट्यावर चढली. साडेसत्तर किलो.

तुरियाचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कारण तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. मग लल्ला इट्टो बोलली.

"नऊ वर्षं लोकांचे ट्रक भरून तोलतेस. आणि स्वतःला मात्र रिकामं तोललंस होय गं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मेहुण्याच्या मेहुण्याला टपरीमागून हुडकून आणणारी बाई, आणि पाठीवरचं साडेबारा किलोचं ओझं हिशेबातून वगळून बसली. साडेसत्तर म्हणजे एकशे पंचावन्न पौंड. एकशे पस्तिसावर ते बसत नव्हतं, आणि एकशे तेरावर तर बघायलाच नको. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण तो कागद मी वाचला होता. त्यावर मी आठ दिवसांनी तिला विमानात बसवलं असतं आणि हात हलवून निरोप दिला असता. तेव्हापासून मी कुणाचाही आकडा काट्यावर चढवल्याशिवाय घेत नाही.

एवढं होऊनही तुरियानं निळी रिग सोडली असं नाही. माणसाचं मन फॉर्मवर चालत नाही. ती काट्यावरून उतरली आणि वाद घालायला लागली. वीस उड्या सांभाळून मारेन. वारा असेल तर मारणार नाही. अन्वर म्हणतो तुझा हात हलका आहे. आणि मग खरं ते बोलली: नोव्हेंबरपर्यंत दुसरी रिग मिळणार नाही, लल्ला, माझं नाव खोडतील. तिचे डोळे भरून आले होते. ट्रकवाल्यांनी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

लल्ला इट्टो म्हणाली, दुसरी रिग आहे.

होती खरी. तिच्या कपाटात तळाशी, एका निवृत्त शाळामास्तरांची. मास्तरांनी उड्या थांबवल्या तेव्हा तिच्याकडे ठेवून गेले होते, लायक माणूस भेटलं तर दे म्हणून. रंग कसा म्हणावा? ताजिन शिजवायच्या जळक्या मातीच्या भांड्यासारखा. कोपऱ्यावर ठिगळ. मास्तर उंट होते उंचीनं, त्यामुळे पट्टे तुरियाच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. आत मोठं पॅराशूट एकशे नव्वद फुटांचं आणि राखीव एकशे शहात्तरचं. कापडं दोन्ही जुनी, पण फुंकली तर हवा पलीकडे जात नव्हती. लल्ला म्हणाली, पट्टे मी कापून तुझ्या मापाला शिवते, दहा दिवस लागतील.

ओसरीवरच्या त्या तोलण्यानंतरची संध्याकाळ मला आठवते. दोन्ही रिगा टेबलावर शेजारी ठेवलेल्या आणि तुरिया स्टुलावर. एक लग्नाची, एक सासुरवासाची. अन्वरही आला. त्याला सगळं कळलं होतं आणि तो चिडला होता. त्याचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसांना सगळीकडे मढीच दिसतात, मी स्वतः साठ उड्यांना यापेक्षा लहान कापडावर होतो. लल्ला इट्टोनं त्याला विचारलं, त्या वर्षी तुझ्या पायात लोखंडी सळई कशामुळे घातली होती रे? अन्वर म्हणाला, ते वाऱ्यामुळे झालं. लल्ला म्हणाली, हो, वारा फक्त तुझ्यासाठीच आला होता.

मग ती तुरियाकडे वळली. रागावलेली नव्हती. असं मऊ बोलताना मी तिला दोन-तीनदाच ऐकलं आहे.

"मोठं पॅराशूट तू रोज बघशील पोरी. ते तुला पाडेल, शिकवेल, दोघांची ओळख होईल. हे राखीव तू आयुष्यात एकदाच बघशील, नाहीतर बघणारच नाहीस. ज्या दिवशी बघशील त्या दिवशी तू घाबरलेली असशील, शुद्धीत असशीलच असं नाही, आणि खाली मैदान नसेल. त्या दिवशी डोक्यावर रुमाल हवा की चादर, ते आज ठरव. मी दोन्हींची घडी सारखीच चांगली घालीन."

तुरिया स्टुलावरून उठली. मग तिनं निळ्या रिगवरून एकदा हात फिरवला, ती उचलून अन्वरच्या हातात दिली आणि म्हणाली, "कुणी लायक माणूस भेटलं तर दे." अन्वर चिडला होता तरी हसला.

दहा दिवसांचे बारा झाले. ऑक्टोबरभर तुरिया त्या ताजिनच्या भांड्यावर उड्या मारत होती आणि आमची पोरं तिची टर उडवत होती. ते अवाढव्य पिवळट कापड उघडलं की खालून ओरडायची, "गादी आली, गादी आली." सगळे उतरून, कापड गोळा करून, चहाला बसले तरी तुरिया वरच तरंगत असायची. मी घडी घालताना वैतागायचो, कारण एवढं कापड त्या पिशवीत कोंबायचं म्हणजे गाढवाला बाजेवर झोपवण्यासारखं. तीही चिडायची. एकदा म्हणाली, काका, मी वर असते तेव्हा खाली आई दोन किलो घेवडा सोलून मोकळी होते. पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेत आली. तेराव्या उडीनंतर तिनं बसकण मारणं सोडलं. ते संथ कापड तिला वेळ द्यायचं. केव्हा ओढायचं, किती ओढायचं, हे तिला बघता यायचं. विसाव्या उडीला ती उभी उतरली, दोन पावलं टाकली आणि थांबली. आईनं झटकायला हात पुढं केला तर माती नव्हती. आई म्हणाली, "आता पुरे," पण यावेळी जरा घाबरूनच म्हणाली, कारण तिलाही कळलं की आता हे पुरे होणार नाही.

नोव्हेंबरचा तो दिवस उजाडला तो स्वच्छ. थंडी पडायला लागली होती, पहाडावर पहिलं पांढरं दिसत होतं. सकाळच्या दोन प्रयत्नांत गोल आठ जणींचा झाला, नऊ जणींचा झाला. दहावी पकड सुटत होती, आणि ती तुरियाचीच. दुपारी तिसऱ्यांदा विमान चढलं. खालून मला ठिपके दिसले, ठिपके जवळ आले, आणि मी मोजले. मोजायला तीन वेळा सुरुवात केली. दहा होते, एका गोलात. मी म्हाताऱ्या घाणेवाल्याला मिठी मारली आणि लल्ला इट्टोला मारणार होतो, पण तिनं हातातली कात्री दाखवली. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी ओरडून सांगितलं, तर तिनं विचारलं, "उतरली का?"

उतरली नव्हती, आणि इथंच सगळं बिघडलं होतं. वरचा वारा दुपारून फिरला होता. विमानातून सुटायला अर्धं मिनिट उशीर झाला, आणि गोल सुटून पॅराशूटं उघडली तेव्हा सगळी मंडळी नदीच्या पलीकडे, पहाडाच्या उताराकडे. तिकडं मैदान कुठलं? दगडी बांध, निवडुंगाची कुंपणं, हातरुमालाएवढी शेतं आणि आडव्या विजेच्या तारा. एक-एक करून कापडं झाडांमागं दिसेनाशी झाली. सगळ्यात शेवटी गादी. मी व्हॅन काढली. आई न विचारता शेजारी चढून बसली, मांडीवर घेवड्याचं ताट तसंच. वाटेत तिनं एकही शेंग सोलली नाही.

सहा जणी रस्त्याकडेच्या पडीक रानात भेटल्या, खरचटलेल्या पण धड. आणखी तिघी पुढच्या वळणावर. त्यांना तिथंच थांबायला सांगून आम्ही वर चढलो. एका वाडीत शेळ्या चौफेर पळालेल्या, दोन कुत्री भुंकून दमलेली, आणि घरामागं दगडानं बांधलेलं एक गोल खळं. आमच्या चहाच्या खोलीपेक्षा थोडंच मोठं. एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला पुरुषभर बांध. त्या खळ्यात मधोमध ते पिवळट कापड पसरलेलं.

तुरिया तिथं नव्हती. आईच्या हातातलं ताट खाली पडलं.

मग बांधापलीकडून आवाज आला, "काका, इकडं या, याला उचलायचंय."

पलीकडे अन्वर होता. चित्रण करत तोही त्यांच्याबरोबर वाहत आला होता. त्याच्या लहान कापडाला वळायला, उतरायला मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही आणि तो सरळ बांधावर आला. नऊशे उड्यांचा हात होता म्हणून घोट्यावर निभावलं. तुरिया खळ्यात उतरून, कापड तसंच टाकून, बांध ओलांडून त्याच्याकडे गेली होती आणि त्याचा पाय दोन फळ्यांमध्ये स्कार्फनं बांधत होती. आई तिच्याजवळ गेली. खांदे चाचपले, पाठ चाचपली, अंग झटकायला लागली. झटकण्यासारखं काही नव्हतं, तरी झटकत राहिली आणि रडत राहिली. या वेळी 'आता पुरे' म्हणायचं तिला सुचलंच नाही.

अन्वरला आम्ही वाडीवाल्याच्या गाढवावर बसवून व्हॅनपर्यंत आणलं. दुखत होतं, पण त्याचं तोंड बंद राहणार थोडंच. तो सांगत होता, मी पडल्या पडल्या बांधाच्या फटीतून बघत होतो, ही त्या तारांवरून अशी सावकाश आली, जशी बाई टोपली डोक्यावर घेऊन जिना उतरते. खळ्यात आली, तीन पावलं चालली, थांबली. मग जरा वेळानं, गाढवाच्या मानेकडे बघत म्हणाला, "ती निळी घेऊन ही इथं आली असती तर, बुअझ्झा." विकायला काढलेली ती रिग त्यानं अजून विकलेली नाही. कुणी विचारलं तर आधी उड्या किती ते विचारतो आणि मग घाण्याकडे बोट दाखवतो.

दुसऱ्या रविवारी तुरिया लल्ला इट्टोच्या खोलीत आली. काखेत निळ्या कागदातला साखरेचा सुळका. तिच्याच कारखान्याचा असणार, कदाचित तिनंच तोललेल्या बिटाचा. मी टेबलाशी चहा पीत होतो. तिनं तो सुळका टेबलावर उभा केला. लल्ला इट्टोनं चष्मा चढवला, सुळक्याकडे पाहिलं, तुरियाकडे पाहिलं.

"तुझं राखीव उघडलं नाही. घडी मी घातली तशी आत आहे. ही साखर कशाची?"

तुरिया म्हणाली, "निळी घेतली असती तर ही साखर घेऊन आज मी चालत आले नसते, लल्ला. रीत नाही ते मला माहीत आहे."

लल्ला इट्टोनं चष्मा काढला, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता पेन काढेल, नाव लिहील, फळीवर चौदावा ठेवेल. तिनं ड्रॉवर उघडून पितळी हातोडी काढली, कागद सोडला आणि सुळक्यावर घाव घातला. पंधरा वर्षांत या खोलीत मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. मोठे खडे तिनं किटलीत टाकले, पुदिना घातला, आणि वरचं टोक कागदात बांधून तुरियाच्या हातात दिलं, आईसाठी.

चहा ओतताना तिनं विचारलं, "सुळका किती भरला होता?"

तुरिया म्हणाली, "दोन किलो."

"कागदासकट?"

"कागदासकट," तुरिया म्हणाली, आणि ग्लास पुढं केला.